पदकाच्या कडेवरचा क्रमांक

अध्यक्ष महोदय आणि ग्रंथालयाचे सभासद मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘खानेसुमारी आणि लष्करी दप्तरे यांतून पूर्वजांचा शोध’ असा छापला आहे. खानेसुमारी म्हणजे जनगणना. शोधाची पद्धत मी सांगणार आहेच. परंतु ज्या वस्तूने मला या शोधाला लावले, ती प्रथम आपण पाहावी अशी माझी इच्छा आहे. टेबलावर ठेवलेली ही ओतीव काशाची थाळी साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची आहे. तिच्यावर हातात पुष्पचक्र घेतलेली एक स्त्री उभी आहे, तिच्यापुढे सिंह आहे, कडेने इंग्रजी अक्षरे आहेत आणि एका चौकटीत माझ्या पणजोबांचे नाव उठावदार अक्षरांत ओतलेले आहे.

खेड तालुक्यातील आमच्या घरी ही थाळी देवघरात असे. स्त्री आणि सिंह एकत्र दिसल्यावर आमच्या आजीने दुसरे काय समजावे? दसऱ्याला ती थाळीवरच्या देवीला हळदकुंकू वाही, सिंहालाही कुंकू लावी, आणि आम्ही मुले नमस्कार करीत असू. ती मूर्ती ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानलेल्या स्त्रीची आहे, आणि कडेच्या अक्षरांचा अर्थ ‘तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला’ असा आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या वारसांना सरकारने अशा थाळ्या पाठवल्या होत्या. पणजोबांच्या मृत्यूची बातमी आमच्या देवघरात पन्नास वर्षे होती आणि ती वाचू शकणारे माणूस घरात नव्हते. सुट्टीत घरी जाऊन मी आजीला अर्थ सांगितला, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग बाबा, आता पितृपक्षात पण पुजायला हवं.” त्या वर्षापासून दोन्ही वेळा पूजा होते.

बातमी हरवली कशी, हे मला पुढे तलाठी दप्तरातल्या एका फेरफार नोंदीने सांगितले. जमिनीला वारस लावताना तेथे माझ्या आजोबांचे नाव लिहिले आहे आणि त्यापुढे ‘अ. पा. क. चुलता’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता चुलता. याचा अर्थ आई तोवर गेली होती. १९१८ साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली, आणि आमच्या घरात सांगितले जाते की पणजी त्या साथीत वारली. थाळी घरी पोचली तेव्हा नवरा नव्हता, बायको नव्हती आणि मुलगा अजाण होता. चुलत्याने ती देवघरात ठेवली आणि पणजोबा ‘बसऱ्याला गेले’ एवढे एकच वाक्य पुढच्या पिढीकडे आले.

मी शोध नावावरून सुरू केला आणि तेथेच माझी अनेक वर्षे गेली. थाळीवर नाव आहे, परंतु हुद्दा नाही, पलटण नाही, क्रमांक नाही. ज्या कार्यालयात मी गेलो तेथे मला पलटण विचारण्यात आली. पलटण शोधण्यासाठी दुसरीकडे पाठवण्यात आले. दुसरीकडे क्रमांक विचारण्यात आला, आणि क्रमांक हवा असेल तर पहिल्या कार्यालयात जा असे सांगण्यात आले. माझ्या तीन अर्जांपैकी एकाचेही लेखी उत्तर आले नाही. याचे दुःख मला आजही आहे, कारण त्या वर्षांत माझे वडील हयात होते आणि त्यांना आपल्या आजोबांच्या मृत्यूची तारीख जाणून घ्यायची होती. ती मिळेपर्यंत ते राहिले नाहीत.

वाट सापडली ती लालबागच्या एका चाळीत. आमच्या चुलत घराण्याकडे पणजोबांची दोन पदके गेली होती. चांदीचे पदक अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे मोडले गेले. दुसरे, म्हणजे विजय पदक, काशाचे असल्यामुळे त्याला मोल आले नाही आणि म्हणून ते वाचले. सगळे जण पदकाचे तोंड पाहतात. त्या चुलतकाकांच्या मुलीने मात्र ते उभे धरले, कडेवर विजेरीचा तिरपा प्रकाश टाकला, आणि भिंगातून एकेक अक्षर वाचून दाखवले: चार आकडी क्रमांक, शिपाई, नाव, ११७ मराठा.

मित्रहो, आजच्या व्याख्यानात आपण एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ती ही कड आहे. त्या काळचे आपले लोक इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले. एकच पवार कोठे पोवार होतो, कोठे पावर होतो. गाव ओळखता येत नाही, तालुक्याच्या जागी पोस्टाचे नाव येते. कोरेगावच्या जयस्तंभावरील ‘नाक’ने संपणारी नावे महार सैनिकांची आहेत हे जाणकाराला कळते, पण आज त्याच घराण्यांची आडनावे वेगळी आहेत आणि नुसत्या नावाने वंशजाला तेथवर पोचता येत नाही. एका पलटणीत मात्र क्रमांक माणसाचा माग राखतो. नाव, पलटण आणि क्रमांक हे तिन्ही हाती आल्यावर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत पणजोबा सापडायला मला अर्धा तास पुरला. वडिलांचे नाव बरोबर, गावाचे नाव मोडके, आणि मृत्यूची तारीख १९१६ च्या जुलैमधली.

ती तारीख वाचताच बाकीचे समजले. ११७ वी मराठा ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराकात उतरली आणि डिसेंबर १९१५ पासून कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. जवाच्या पिठावर आणि शेवटी घोड्याच्या मांसावर दिवस काढून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना वाळवंटातून चालवत उत्तर सीरियातील रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. जुलै म्हणजे कैदेचा तिसरा महिना. ते कोठे पडले हे नोंदीत नाही.

आणि आता ज्या गोष्टीचा मला सर्वांत अधिक त्रास होतो ती सांगतो. इराकातील बसरा येथे १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे आणि त्यांतले बहुतेक हिंदी सैन्यातले आहेत. ब्रिटिश सैनिकाचे, मग तो साधा शिपाई असला तरी, नाव दगडावर कोरलेले आहे. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा केवळ आकडा आहे. आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली. माझे पणजोबा त्या ‘इतर’मध्ये आहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि खानेसुमारी अजून राहिली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे १८७२ मध्ये पहिली आणि १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री देशभर एकाच वेळी घेतलेली पहिली खानेसुमारी झाली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी घरोघरचे मूळ तक्ते खुले होतात. तेथील १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये लोकांसमोर आले. आपल्याकडे आकडे काढून झाले की माणसांची नावे असलेले तक्ते नष्ट केले गेले, आणि १९४८ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाने पुढच्या नोंदीही पाहण्यास बंद आहेत. म्हणून खानेसुमारीत पूर्वजाचे नाव शोधू नका. तेथे त्याचा गाव शोधा. गणना त्या रात्री माणूस जेथे असेल तेथे होत असे, त्यामुळे १९११ च्या १० मार्चला माझे पणजोबा छावणीत मोजले गेले आणि पणजी गावात. रत्नागिरी जिल्ह्याच्या कोष्टकात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दिसतात, त्यात पलटणीत गेलेले असे पणजोबा आहेत आणि गिरणीत गेलेले त्यांचे भाऊ आहेत. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्या तुटीत आमची पणजी आहे. नावे हवी असतील तर १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव तयार केलेली राष्ट्रीय नोंदवही तहसिलात टिकली आहे का ते विचारा, आणि जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, पाहा. परदेशी मेलेल्या शिपायाचा मृत्यू त्यात बहुधा सापडणार नाही. त्याच्या वारसाचा फेरफार सापडेल.

लष्कराकडे वळताना पलटणीचे बदललेले नाव जवळ ठेवा. १९२२ च्या फेररचनेत १०३ वी पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ पर्यंत मोडली गेली, म्हणून त्या घरांनी आजच्या महार रेजिमेंटमध्ये शोधू नये. ती १९४१ ची आहे. पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षे पडून होत्या आणि २०२१ मध्ये लोकांपुढे आल्या. आपल्या जिल्ह्यांच्या कपाटांतही कोणीतरी हात घालायला हवा.

ज्यांनी पदके आणली आहेत त्यांनी मागच्या टेबलापाशी यावे. भिंग आणि विजेरी तेथे आहे. कृपा करून पदके चिंचेने घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत एक शिळा आहे. तिच्यावर महायुद्धात गेलेल्यांचा आणि परत न आलेल्या पाच जणांचा आकडा आहे. नाव एकाचेही नाही. आम्हाला आतापर्यंत तिघांची नावे मिळाली आहेत. खेड तालुक्यातले कोणी या सभागृहात असेल आणि घरात अशी एखादी थाळी असेल, तर आज जाण्यापूर्वी मला भेटा.