शेमा म्हणजे ऐक

नमस्कार मंडळी, शालोम.

लहानपणी आईची रोजची तक्रार असायची, "कितीदा सांगितलं, पण ही ऐकतच नाही." माझे कान चांगले होते, हे तिलाही ठाऊक होतं. ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं, हे मराठी घरातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. त्यामुळे पुढे हिब्रू शिकताना 'शामा' हे क्रियापद आलं, तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, ते कानाने ऐकण्यालाही वापरलं आहे आणि आज्ञा पाळण्यालाही. 'आज्ञापालन' या शब्दाला कवायतीचा वास येतो. 'ऐक, हे इस्राएला' या शेमा प्रार्थनेच्या पहिल्या ओळीत मात्र आईचा आवाज आहे.

'ब्रीत' या शब्दाची गोष्ट उलटी. मराठी बायबलात त्याला 'करार' म्हटलं आहे, आणि करार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाड्याच्या घराचा कागद येतो. हिब्रूत ब्रीत 'कापतात'. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राम (पुढचा अब्राहाम) तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून तुकडे समोरासमोर मांडतो. अशा तुकड्यांमधून चालत जाऊन शपथ घ्यायची रीत यिर्मयाच्या पुस्तकातही दिसते. शब्द मोडला तर माझी हीच गत होवो, असा तिचा अर्थ. पण इथे चालतं कोण? अब्रामाला गाढ झोप लागली आहे. काळोख पडल्यावर धुमसती भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. ही आग म्हणजे देवाची खूण. अब्राम जातच नाही. देव एकटाच स्वतःला बांधून घेतो. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण इथे येऊन दर वेळी थांबते.

आपल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणच्या मराठी ज्यूंचा, नवस याहून वेगळा. तू माझं काम कर, मग मी फेडीन. एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) मीही बोलले आहे, आणि श्रद्धेने फेडला आहे. सीनायवर मात्र दहा आज्ञांच्या आधी देव सांगतो की मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधीच झालेली आहे. म्हणून आज्ञा पाळणं ही सुटकेची किंमत ठरत नाही, ते नातं जपणं आहे. आणि त्यात तोंड मिटून बसायची सक्तीही नाही. सदोमासाठी अब्राहाम देवाशी पन्नासांवरून दहांपर्यंत घासाघीस करतोच ना!

निर्गमाच्या २४व्या अध्यायात लोक मोशेला उत्तर देतात, 'नाआसे वेनिश्मा', करू आणि ऐकू. आधी करू! ऐकल्याशिवाय करायचं कसं, यावर विद्वानांनी खूप लिहिलं आहे. मला त्याचं उत्तर कोकणात सापडतं. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ग्रंथ उरले नाहीत, हिब्रू विसरली. उरली ती आठव्या दिवसाची सुंता, खवले नसलेली मासळी न खाणं, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, आणि शेमा. सुंता असो, लग्न असो की मयत, तीच एक ओळ म्हणायची, कारण दुसरी कुणाला येत नव्हती. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. शब्बाथ ही कायमची ब्रीत आहे, असं निर्गमाच्या ३१व्या अध्यायात लिहिलं आहे. घाणा थांबवणाऱ्या त्या माणसांनी तो अध्याय कधी पाहिलाही नव्हता.

पुढे धर्म शिकवणारे दावीद राहाबी आले, कोचीनचे शिक्षक आले, मुंबईत आपल्या मशिदी, म्हणजे सिनेगॉग, उभ्या राहिल्या. १८४६ साली मुंबईत पेसाह सणाच्या रात्री वाचायची हगादा मराठीत छापली गेली, १८७४ साली पुण्यात. मिसरातून सुटल्याची कथा आपल्या घरांत आपल्याच बोलीत वाचली जाऊ लागली. तोवर कित्येक पिढ्या दर शनिवारी घाणा थांबवत आल्या होत्या.