किरकोळ खर्चातल्या संशोधक

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ‘आरोग्यातील विषमता कमी करण्यासाठी समुदायातील सहसंशोधकांचे प्रशिक्षण’ असा विषय वाचून दाखवला, तेव्हा मागच्या रांगेत दोन मोबाइल निघाले. असू द्या, नाव मलाही जड वाटतं. अर्थ एवढाच, ज्या वस्तीचा अभ्यास करायचा, तिथल्याच माणसांना संशोधनात बरोबरीचं भागीदार म्हणून तयार करणं. तुम्ही बहुतेक याच क्षेत्रातले. त्यामुळे गरीब वस्तीत माणसं लवकर का जातात, हे मी सांगत बसत नाही. एका बाईंबद्दल सांगतो.

एका सर्वेक्षणाला मी सल्लागार होतो. संस्थेचं नाव विचारू नका, ते अजून मला बोलावतात. मधुमेह आणि रक्तदाबाचे किती लोक उपचारांविना आहेत, ते शोधायचं होतं. प्रश्नावली भरायला वस्तीतल्याच काही बायकांना तयार केलं होतं. बैठकीत त्यातल्या एक बाई म्हणाल्या, “सर, आपण दहा ते पाच दारं वाजवतो. तेव्हा घरात कोण सापडतं? म्हातारं माणूस, नाहीतर अंथरुणाला खिळलेलं. दुखणं अंगावर काढून जो कामाला जातो, तो तुमच्या कागदावर येणार कसा?” यालाच सिलेक्शन बायस म्हणतात, म्हणजे माणसं निवडतानाच होणारी चूक; त्यावर आम्ही तासभर स्लाइड दाखवतो. (हसू नका, तुम्हीही दाखवता.) भेटींच्या वेळा संध्याकाळच्या झाल्या आणि उपचार न घेणाऱ्यांचा आकडा चढला.

पुढे अहवाल छापला गेला. लेखकांच्या यादीत एक गृहस्थ होते, जे वस्तीत एकदाही फिरकले नव्हते. बाई आभारात, तेही ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून, बिननावाच्या. आणि त्यांचं मानधन हिशेबात कुठे होतं? ‘किरकोळ खर्च’! वर टाचण्या, खाली झेरॉक्स, मधे बाई. मी लेखापालांना विचारलं, तर म्हणाले, “सर, संशोधकांच्या रकान्याला पदवी लागते.” म्हणजे अक्कल चालते, पदवी नसली तर रकाना मिळत नाही. हे मी प्रत्येक व्यासपीठावर सांगतो; माझी पत्नी म्हणते, आता त्या लेखापालांना तरी सोडा.

आता कोणी म्हणेल, स्थानिक माणूस घेतला की झालं. नाही झालं. अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीचा सिफिलिस या लैंगिक आजाराचा अभ्यास आठवा, 1932 ते 1972. आजार असलेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध आल्यावरही ते दिलं नाही. त्या लोकांना अभ्यासाशी जोडून ठेवणाऱ्या नर्स, युनिस रिव्हर्स, स्वतः कृष्णवर्णीयच होत्या. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. पण काय शोधायचं आणि कधी थांबायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं. आपलं माणूस दारात उभं करून परक्यानं घरात शिरायचं, याला मी भागीदारी म्हणत नाही. माझा सगळा आग्रह एवढाच आहे, आणि—

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक. प्रशिक्षणाचं भरभर सांगतो.

प्रश्नावली भरणं शेवटी शिकवा. आधी प्रश्न तयार करणं, मग संमती. ‘नाही’ म्हणणाऱ्याला तसंच सोडून देणं शिकायला दिवस लागतात. गुप्तता सगळ्यात अवघड, कारण शेजारणीचा क्षयरोग शेजारणीलाच लिहून घ्यायचा असतो; म्हणून नाजूक विषयांवर दुसऱ्या गल्लीतली व्यक्ती पाठवा. आकडे आल्यावर तक्ते त्यांच्यासमोर ठेवा; ‘हे असं का?’ याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं. त्यांचं मानधन पगाराच्या रकान्यात मांडा. संशोधकांनाही प्रशिक्षण द्या, ऐकण्याचं.

जमतं का? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी, उपचार आणि नोंदी शिकवल्या. अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. काय शोधायचं हे तिथेही डॉक्टरांनीच ठरवलं होतं, हे कबूल. पण थोड्या शाळेवर हे काम जमत नाही, हा आक्षेप तिथेच निकालात निघतो. आणि अटी लोकांनी घालायच्या म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली.

अनुदान संपल्यावर तयार झालेल्या या माणसांचं काय, हे राहिलं. ते प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारा. लेखापाल असतील तर त्यांनी आधी.