खिळा नसलेली चप्पल

परतवाड्याहून मेळघाटाकडे निघालं की संत्र्याच्या बागा मागं पडत जातात आणि समोर गाविलगडाचा डोंगर उभा ठाकतो. डोंगराच्या अलीकडच्या एका गावात हे कौलारू देऊळ आहे. हो, देऊळच. इथली ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळ म्हणतात, आणि तिथं जमणाऱ्यांना मंडळी. ही मंडळी बाप्टिस्ट. म्हणजे बाप्तिस्मा पाळण्यातल्या लेकराचा नाही, जाणत्या माणसाचा, आणि तोही पाण्यात पुरतं बुडवून.

आपण मात्र देवळात नंतर जाऊ. आधी बाजूची ओसरी पाहा.

बाकावर एक मामा बसलेत. गळ्यात तुळशीची माळ. समोर पाण्यानं भरलेलं घमेलं.

"मामा, थांबा, पाय नका घालू," म्हणत नर्सबाई आधी स्वतःचा हात पाण्यात बुडवतात. पाणी कोमट आहे की चटका देणारं, हे मामांना कळायचं नाही. कुष्ठरोगानं नसा एकदा मेल्या की तळपायाला निखारा आणि गारगोटी सारखीच.

पाय वीस मिनिटं भिजतो. मग घट्टा हलक्या हातानं खरवडायचा, कातडीतली ओल टिकावी म्हणून तेल चोळायचं, भेगा तपासायच्या. त्यानंतर येते चप्पल. काळी, आतून मऊ रबराची. नीट पाहा, हिला एकही खिळा नाही, सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. साध्या चपलेचा खिळा वर आला तर आपण "अगाई" करून पाय उचलतो. मामा त्याच खिळ्यावर दिवसभर चालतील आणि संध्याकाळी रक्त दिसल्यावर त्यांना समजेल. हिला बक्कलही नाही. वाकड्या बोटांना बक्कल लावता येत नाही, म्हणून दाबली की चिकटणारी पट्टी, वेलक्रोची.

या डोंगराच्या कुशीत मिशन आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इथल्या कोरकू आदिवासींना धर्म सांगायला. ते लपवायचं कारण नाही. पण 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 असे दोन दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले, तेव्हा आधी भाकरीचं पाहावं लागलं. 1940च्या दशकात हे काम अमेरिकन बाप्टिस्टांनी हाती घेतलं. पुढं परदेशी माणसं गेली. देऊळ, दवाखाना आणि घमेलं इथल्या लोकांकडं राहिलं.

बाप्टिस्टांचा आणि विदर्भाचा धागा तसा याहून जुना. बंगालात श्रीरामपूरला बसून 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम केरी बाप्टिस्टच होता, आणि त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ नागपूरकडचे.

असो. मामांकडे येऊ.

त्यांच्या तरुणपणी रोग लपवायची रीत होती. कळला तर गावाबाहेर झोपडी, वेगळं ताट, पाणी वरून ओतायचं. डॅप्सोन या एकाच औषधाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालायच्या. 1982 नंतर बहुविध औषधोपचार, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र, आला आणि सहा महिन्यांत, रोग जास्त असेल तर सुरुवातीला दोनेक वर्षांत आणि पुढं वर्षभरात माणूस बरा होऊ लागला, तेही फुकट. जंतू मरतात. मेलेली नस मात्र परत येत नाही. म्हणून बरे झालेले मामाही ओसरीवर येत राहतात, आणि कुणीतरी सकाळी घमेलं भरून ठेवतं. या कामाला उद्घाटन नाही, फीत नाही. आमच्या कॅमेऱ्यालाही त्यात दाखवण्यासारखं फार काही सापडलं नाही, खरं सांगायचं तर.

मामा मंडळीतले नाहीत. कधी झाले नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. नाताळाला मात्र ते न चुकता येतात. त्या दिवशी देवळाच्या पायरीशी चपलांचा ढीग लागतो, कारण इथं अनवाणीच आत जायची रीत आहे. मामाही पहिल्या वेळी वाकून पट्टी सोडायला लागले होते. पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या मामा. तुम्ही चप्पल घालूनच या."