कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. व्हॅक्यूम पॅक केलेलं काजूचं पाकीट. हात ते उचलून ओट्यावर आपटतो.]

मालवणहून आलेलं काजूचं पाकीट. विटेसारखं टणक. आता कोपऱ्याला कात्री लावू... फुस्स. तेच पाकीट हातात लोंबायला लागलं. काजू तेच, प्लास्टिक तेच. आत फक्त हवा शिरली.

मोडलेल्या हाताचं प्लास्टर असं करता येईल? हवा काढली की कडक, सोडली की मऊ?

[दृश्य : पाण्यात बुडवलेली प्लास्टरची पट्टी, मनगटाभोवती गुंडाळणारे हात.]

प्लास्टर ऑफ पॅरिसची ही पट्टी डच लष्करी डॉक्टर अँटोनियस मथायसेन यांनी 1852 साली जगापुढे मांडली. ओली करायची, गुंडाळायची, काही मिनिटांत घट्ट. स्वस्त आहे, म्हणून अजून टिकून आहे. पुढे फायबरग्लास आलं, वजन घटलं. पण हट्ट तोच. एकदा कडक झालं की झालं.

हात मात्र रोज बदलतो. हाड मोडल्यावर आधी सूज चढते. म्हणून डॉक्टर सुरुवातीला कच्चं प्लास्टर घालतात, एका बाजूने पट्टी आणि वरून बँडेज. सूज उतरली की पक्कं. सुजेला जागाच मिळाली नाही, तर स्नायूंमधला दाब वाढतो, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. बोटं बधिर, दुखणं गोळीला न जुमानणारं... मग रात्रीबेरात्री प्लास्टर कापावं लागतं. उलट, सूज ओसरली की पक्कं प्लास्टरसुद्धा सैल पडतं आणि आत हाड सरकू शकतं. शिवाय खाज. विणकामाची सुई आत कोणी कोणी घातली, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

म्हणजे हवं आहे असं प्लास्टर, जे मनात येईल तेव्हा कच्चं आणि मनात येईल तेव्हा पक्कं होईल.

[दृश्य : कॉलेजची वर्कशॉप. झिपची पिशवी, थर्माकोलचे मणी, हातपंप.]

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला हा विषय घेणारी मुलं साधारण इथून सुरुवात करतात. पिशवीत मणी भरायचे, हाताभोवती गुंडाळायची, हवा ओढायची. बाहेरची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो वजनाइतका दाब देत असते. आतली हवा गेली की तो दाब मणी एकमेकांवर दाबून धरतो, आणि कुणालाच हलायला जागा उरत नाही. गर्दीची लोकल आठवा. माणसं तीच, पण डब्याची भिंत झालेली. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच युक्तीवर रोबोटचा हात केला होता. रबरी फुग्यात दळलेली कॉफी, एवढंच.

डॉक्टरांच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे. आकार बिघडला तर झडप उघडा, पुन्हा बसवा. ओल्या पट्टीसारखी घाई नाही. थर्माकोल एक्स-रेच्या आड येत नाही.

पण मण्यांची पिशवी जाड होते, शर्टाच्या बाहीत जात नाही. शिवाय हवा ओढताना ती आक्रसते, आणि आतल्या हातालाही आवळू शकते. मग मुलं पातळ, खरखरीत पानांच्या थराकडे वळतात. 20 पानं सुटी असली की वहीसारखी वाकतात. तीच घट्ट दाबली गेली आणि एकमेकांवरून घसरली नाहीत, तर वाकवायला, निदान कागदावरच्या गणितात, 400 पट जोर लागतो. थरांच्या संख्येचा वर्ग. प्रत्यक्षात पानं घसरतात, आकडा उतरतो. तरीही चांगला सौदा.

[दृश्य : दाबमापकाचा काटा, जवळून.]

खरी गोम पुढे आहे. हवा काढून कडक होणारे आधार रुग्णवाहिकांमध्ये केव्हाच आले आहेत. पण त्यांचं काम इस्पितळाच्या दारापर्यंत. मनगटाचं हाड जुळायला सहा आठवडे धरा, म्हणजे 1008 तास. एवढा वेळ पिशवीने हवा आत घ्यायची नाही. झोपेत कूस बदलताना, बसच्या दांड्याला हात आपटताना, चिपळूणच्या पावसाळ्यात घामाने ओलं अस्तर बदलतानासुद्धा नाही. साधं प्लास्टर तडकलं तरी बराच वेळ आधार देतं. ही पिशवी टाचणीएवढ्या भोकाने आधार सोडते. लहानसा पंप कायम जोडावा, तर बॅटरी आली आणि उशाशी घरघर. माझ्या मते या प्रकल्पात हाडापेक्षा झडपेवर जास्त रात्री जातात, आणि जायलाच हव्यात.

बरं, बाहेरची हवा तरी सगळीकडे सारखी कुठे आहे? मुंबईत आत-बाहेर 80 किलोपास्कलचा (चौरस सेंटिमीटरवर 1 किलो म्हणजे साधारण 100 किलोपास्कल) फरक ठेवून पिशवी बंद केली आणि रुग्ण लेहला गेला, तर तिथल्या विरळ हवेत तो फरक 45 च्या आसपास येतो. झडप शाबूत, भोक नाही, तरी आधार ढिला.

[दृश्य : वर्कशॉपच्या दाराशी पाण्याने भरलेलं घमेलं.]

भोक शोधायची पद्धत मात्र सायकलच्या दुकानातली. फरक एकच. हवा काढलेली पिशवी पाण्यात धरली तर बुडबुडे येत नाहीत, उलट पाणीच आत जातं. म्हणून पंप उलटा लावून पिशवी आधी फुगवतात आणि मग बुडवतात.

शिवण ठीक. कोपरा ठीक. आता झडपेची कड.

[दृश्य : कडेपाशी एक बुडबुडा फुगतो, सुटतो. थोड्या वेळाने दुसरा.]