बॅच क्रमांक चार

(दृश्य: झाडाखाली पडलेली भिरंडं, वेचणारे हात)

एप्रिलचा दुसरा आठवडा. पेडणे तालुक्यातल्या एका शाळेमागचं हे परस. नववीचा वर्ग सरबताचा पाक करण्यासाठी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, वेचायला आलाय, आणि हा त्यांच्या वेळापत्रकातला तास आहे. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. पूर्वी जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत पाऊस लागायचा आणि झाड रिकामं झालेलं असायचं. आता हंगाम आणि तास एकत्र आलेत.

पूर्ण पिकलेलं, गडद लाल फळच टोपलीत जातं. हिरवट राहिलेल्या फळाचा पाक फिका येतो. पडून फुटलेलं फळ बाजूला, कारण त्यात माती आणि बुरशी आधीच पोचलेली असते.

(दृश्य: तराजू, नोंदवही)

आधी अख्ख्या फळाचं वजन, मग धुणं, पुसून कोरडं करणं, आणि त्यानंतरच चिरणं. चिरल्यावर धुतलं तर रंग आणि आंबटपणा पाण्याबरोबर वाहून जातो. साल वेगळी, बिया आणि गर वेगळा. फळाच्या वजनात साधारण निम्मी साल निघते. दहा किलो फळाला पाच किलो साल, आणि तिला दहा किलो साखर. म्हणजे सालीच्या दुप्पट.

गटात पाचजण. एकजण वजन करतो, दोघं चिरतात, एकजण भांडी सांभाळतो, एकजण लिहितो. पुढच्या बॅचला कामं बदलतात. लिहिण्याचं काम सुरुवातीला कुणालाच नको असतं, पण सगळ्यात जास्त शिकवतं तेच.

(दृश्य: बरणीत थर, जवळून)

सालीचा थर, साखरेचा थर, पुन्हा साल. बरणी काचेची किंवा पातेलं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियम चालत नाही, लोखंडही नाही; भिरंडाचं आम्ल धातूला खातं आणि पाकाला कळकट चव येते. चूल पेटवायची गरज नाही. साखरच सालीतलं पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी तळाशी लाल रस दिसू लागतो, आठवडाभरात पाक तयार होतो.

या आठवड्यात बिघडतं ते दोनच कारणांनी. साली तरंगून वर येतात, पाकाबाहेर राहिलेल्या सालीवर बुरशी धरते. म्हणून रोज वरखाली करून त्या दाबायच्या. दुसरं, ओलं उलथणं. त्याच्या चार थेंबांनी वरचा पाक पातळ होतो आणि तिथेच आंबायला लागतो. फेस, दारूसारखा वास, फुगलेलं झाकण. बॅच क्रमांक दोन अशीच टाकून द्यावी लागली. नोंदवहीत त्या पानावर तारीख आहे, वेळ आहे आणि 'उलथणं नळाखाली धुऊन लगेच वापरलं' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. ते पान आम्ही मुद्दाम दाखवतोय. चूक कुणी केली त्याचं नाव नाही, चूक कशी झाली ते आहे. कारखान्यात नोंद अशीच लिहावी लागते.

(दृश्य: रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावलेली मुलगी)

हे रिफ्रॅक्टोमीटर, पाकातली साखर मोजायचं यंत्र. काचेवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून आधी शून्य जुळवायचं, काच पुसायची, मग पाकाचा थेंब. साखर खाली बसते, म्हणून नमुना नीट ढवळून घ्यायचा. ६५ ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण ६५ टक्के साखरेच्या, वर आकडा आला तर पाक टिकतो. बॅच क्रमांक चारचा आला ६०.

आता काय? दहा किलो पाक, पाच टक्के कमी. म्हणजे अर्धा किलो साखर घाला, असं जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला. घालून पाहिली तर ६२ च्या आतच राहतो. साखर घातली की पाकाचं वजनही वाढतं ना! फळ्यावर समीकरण मांडलं गेलं: सहा अधिक क्ष, भागिले दहा अधिक क्ष, बरोबर ०.६५. उत्तर १ किलो ४३० ग्रॅम. बीजगणिताच्या पुस्तकातला क्ष इथे तराजूवर ठेवलेला दिसतो.

(दृश्य: पाबळचं जुनं छायाचित्र)

काम करत शिकायची ही वाट जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते स्वतः अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. गावाला उपयोगी पडणारी खरी कामं शाळेतल्या मुलांनी करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचं, ही तिथली पद्धत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. दहा दिवसांत हाताला ओळख होते, सवय लागायला मात्र हंगामभर एकाच कामात राहावं लागतं.

(दृश्य: बाटल्या, लेबल)

बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात, मग उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या. पाक गाळून भरला जातो. इथे एक गफलत हमखास होते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतला पाक जवळपास एक किलो भरतो, कारण तो पाण्याहून जड आहे. लेबलवर लिहायचं माप आणि हिशेबातलं वजन वेगळं ठेवलं नाही, तर दर बाटलीमागे पाव हिशेब चुकतो.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. सगळ्यांनी पहिलं लिहिलं 'कोकम'. बाईंनी नोंदवही पुढे सरकवली. साखर दुप्पट आहे, तेव्हा पहिली साखरच. मग बॅच क्रमांक, भरल्याचा महिना, किंमत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. नोंदणी गावातल्या बचत गटाची आहे, विक्रीही तो गटच करतो.

किमतीचा कागद पाहा. साल, साखर, बाटली, बूच, लेबल. खाली बाईंच्या लाल पेनने तीन ओळी: मजुरीचे तास, फुटलेल्या बाटल्या, वाया गेलेली बॅच. हे धरलं नाही तर प्रत्येक बाटलीवर तोटा होतो आणि तो महिनाअखेरीस कळतो.

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार)

"बाटली केद्याक?" म्हणजे कितीला, हा सोपा प्रश्न. "पाणी किती घालायचं? उघडल्यावर किती दिवस राहील? साखर कमी नाही का करता येत?" याची उत्तरं तयार लागतात. एका भागाला पाच भाग पाणी. साखर कमी केली तर टिकणार नाही. मुलं कोकणीत बोलतात, मराठीत बोलतात, पर्यटकाला हिंदीत सांगतात, आणि चौथ्या गिऱ्हाइकापर्यंत आवाज मोकळा होतो.

(दृश्य: बायोडाटा, पहिला आणि दुसरा)

पहिल्या बायोडाट्यात होतं: 'मेहनती, प्रामाणिक, गटात काम करण्याची आवड'. दुसऱ्यात आहे: 'चार बॅचचा ब्रिक्स मोजला, एक बॅच दुरुस्त केली, किंमतपत्रक तयार केलं.' जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांतलं नाव एकसारखं आहे का, तेही याच तासाला तपासलं जातं. नाहीतर दहावीनंतर आयटीआयच्या प्रवेशाला धावपळ होते. काहीजण आयटीआयला जातील, काहीजण मोपाच्या विमानतळावरच्या स्वयंपाकघरात किंवा गोदामात, काहीजण अकरावीला.

(दृश्य: उन्हात वाळणाऱ्या बिया, नोंदवही दुसऱ्या हातात)

बिया भिरंडेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तेलासाठी, वाळतायत. नोंदवही पुढच्या गटाकडे जातेय. शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी चिठ्ठी आहे: 'बरणी ३ मध्ये साली वर येतात, सकाळी आणि सुट्टीत दाबा. उलथणं वेगळं ठेवलंय, कोरडं आहे. ते धुऊ नका, पुसा.'