आज डे किती?

[पडद्यावर फोनचं कॅलेंडर, तारखांच्या शेजारी पेनाने लिहिलेले आकडे]

कॅन्सर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर टक्कल येतं. पण केस गळायच्या बरंच आधी एक गोष्ट बदललेली असते, ती म्हणजे दिवस मोजायची पद्धत. पहिल्या केमोची तारीख मिळाली की सोमवार मंगळवार संपतात आणि "आज डे किती?" सुरू होतं. औषध शिरेत गेलं तो डे वन. बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी असतात, काही दर १४ दिवसांनी, काही दर आठवड्याला, ज्याचा त्याचा प्रोटोकॉल. तर या व्हिडिओत आपण २१ दिवसांच्या हिशोबाने चालू, कारण विशीतला नाहीतर तिशीतला पेशंट खरा जगतो तो त्या दिवसांच्या मधल्या फटींमध्ये.

आधी थोडं वयाबद्दल. अमेरिकेतली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट १५ ते ३९ या वयाचा वेगळा गट धरते, काही देशांत तो चोविशी-पंचविशीलाच संपतो. वेगळा गट कशाला, तर एक म्हणजे या वयात होणारे कॅन्सरच थोडे वेगळे असतात, हॉजकिन लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा, मुलग्यांमध्ये टेस्टिक्युलर म्हणजे वृषणाचा, थायरॉइड, हाडांचे सार्कोमा, आणि तिशी आली की ब्रेस्ट कॅन्सरही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की तुम्ही कुठेच बसत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर हत्ती काढलेले असतात आणि मोठ्यांच्या डे केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या वॉर्डात, शेजारच्या खुर्चीवर तुमच्या आईवडिलांच्या वयाचं कुणीतरी असतं, ते तुमच्याकडे बघून आधी विचारतात, "सोबत कोण ॲडमिट आहे?" पेशंट तुम्हीच आहात हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जो पडतो, तो सावरायचं कामही मग तुमच्यावरच.

निदानाला उशीर होतो तोही वयामुळेच. मानेतली गाठ दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही, थकवा आला तर रात्री जागतोस म्हणून, पाय दुखला तर खेळताना लागलं असेल, आणि वजन उतरलं तर लोक चक्क कौतुक करतात, काय डाएट करतेस ग! या वयात कॅन्सर असू शकतो हे पेशंटच्या डोक्यात नसतं, घरच्यांच्या नसतं, आणि बऱ्याचदा पहिल्या डॉक्टरच्याही नसतं.

[डे केअरची खुर्ची, सलाईनची नळी, नळीतलं लाल औषध]

डे वन. आधी शीर शोधायची. दोन-तीन डोस झाले की हाताच्या शिरा कडक होतात, म्हणून बऱ्याच जणांना कॉलरबोनखाली कातडीच्या आत पोर्ट, म्हणजे औषध टोचायची छोटी डबी, बसवतात किंवा दंडातून पिक लाइन नावाची लांब नळी टाकतात. हे लाल दिसतंय ते डॉक्सोरुबिसिन, ते गेलं की पुढचा एखादा दिवस लघवीही लालसर होते आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर बाथरूममध्ये माणूस हादरतोच. उलटीसाठी आता खरंच चांगली औषधं आहेत, सिनेमात दाखवतात तसं बादली धरून बसायची वेळ पूर्वीपेक्षा खूप कमी येते. पण त्याच औषधांनी, म्हणजे ऑन्डॅनसेट्रॉनने वगैरे, पोट असं गच्च होतं की विचारू नका. बद्धकोष्ठ हा काही शूरवीरांच्या गोष्टीत येणारा विषय नाही, पण केमोचे दोन पेशंट एकत्र बसले की दहाव्या मिनिटाला गाडी तिथेच येते.

शिवाय सोबत स्टेरॉइड असतं. त्याने रात्रभर टक्क जाग, पहाटे तीनला उठून कपाट आवरायचं, जुन्या मित्राला लांबलचक मेसेज टाईप करायचे, उगाच कुणावर तरी चिडायचं. स्टेरॉइड बंद झालं की धाडकन खाली. डे थ्री, डे फोर, डे फाईव्ह, हे दिवस लिहून काढण्यासारखे नसतातच, ते फक्त जाऊ द्यायचे असतात. तोंडाला लोखंडी चव, मग बरेच जण स्टीलचा चमचा सोडून प्लास्टिकचा वापरतात आणि त्याने खरंच फरक पडतो. तोंड येतं, ब्रश मऊ घ्यावा लागतो.

मग साधारण डे सेव्हन ते डे फोर्टीन. या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या, तळाला जातात, त्याला सगळे "काउंट डाऊन" म्हणतात. गंमत अशी की तेव्हा तुम्हाला जरा बरं वाटायला लागलेलं असतं, आणि नेमके हेच दिवस सगळ्यात धोक्याचे. एक आकडा प्रत्येक पेशंटला पाठ असतो, ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. थर्मामीटरने तो दाखवला की रात्रीचे दोन असोत नाहीतर वाढदिवस असो, हॉस्पिटलला फोन करून निघायचं. आधी पॅरासिटामॉल घेऊन बघू, हे अजिबात नाही, कारण त्याने ताप झाकला जातो आणि इन्फेक्शन आत चालूच राहतं. ज्यांच्या आसपास केमोवर असलेलं कुणी असेल त्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा, आणि सर्दी झाली असेल तर प्रेमाने घरीच थांबा.

आणि मग येतो तो शेवटचा आठवडा, डे पंधरा ते एकवीस. बरा आठवडा. सगळं आयुष्य त्यात कोंबायचं असतं! सिनेमा, ऑफिसचं अडकलेलं काम, मित्रांना भेटणं, पार्टनरशी भांडण आणि ते मिटवणं सुद्धा. यात शहाणपण असतं ते मोकळा वेळ ठेवण्यात असं मला सगळे सांगायचे, पण मी कधी ऐकलं नाही, बऱ्या आठवड्यात घरी बसवतच नाही. ग्रुपवर ट्रिप ठरत असते आणि तुम्ही मनात मोजत असता की त्या शनिवारी आपला डे कितवा. डे चार निघतो. मग "बघते, सांगते" असं टाकायचं. असं दोन-तीनदा झालं की लोक विचारायचंच बंद करतात, वाईट हेतूने नाही, उलट हिला ओशाळं वाटू नये म्हणून, पण न विचारलं जाणं हे नाही म्हणण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून मित्रांनो, विचारत राहा. आणि "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका हो, सांगायचं काम पुन्हा पेशंटवरच पडतं. "मी गुरुवारी चारला येते, झोपली असशील तर बाहेर बसून निघून जाईन" हे कितीतरी बरं.

[आरसा, वॉशबेसिन, ट्रिमर]

केस. पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात, त्याआधी टाळू दुखते. सगळ्या केमोने जातात असं नाही, आणि डोकं थंड ठेवणाऱ्या कोल्ड कॅपने काही जणांचे बऱ्यापैकी टिकतातही. पण डोक्यावरच्या केसांची मनाची तयारी केलेली असते, खरा दणका बसतो भुवया आणि पापण्या गेल्यावर, कारण तेव्हा चेहराच ओळखीचा राहत नाही. नाकातले केसही जातात आणि नाक सारखं गळत राहतं, हे तर कुणी सांगतच नाही. कॅपेसिटाबिन नावाची गोळी असते, तिने तळहाताची कातडी सोलवटून काही जणांचे बोटांचे ठसे पुसट होतात आणि फोनचं लॉक उघडेनासं होतं. व्हिन्क्रिस्टिन नाहीतर पॅक्लिटॅक्सेलवाल्यांच्या बोटांना मुंग्या, शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं. पंचविशीत बटण लावून देण्यासाठी आईला हाक मारावी लागते.

आणि घर हा वेगळाच चॅप्टर आहे. एकटं राहणारी, कमावणारी, स्वतःच्या मर्जीने रात्री दोनला घरी येणारी मुलं परत आईवडिलांकडे येतात, त्याच जुन्या खोलीत. गोळ्या घेतल्यास का, पाणी किती प्यायलास, दार आतून लावू नकोस. आई दर तासाला कपाळाला हात लावते. राग येतो, मग रागाची लाज वाटते कारण तीही झोपलेली नसते. माझ्या ओळखीतल्या एकाने घरी सरळ नियम केला होता, आजाराबद्दल काय विचारायचंय ते संध्याकाळी अर्धा तास विचारा, बाकी दिवसभर नेहमीसारखं भांडा माझ्याशी. आईने दोन दिवस अबोला धरला आणि मग भांडायला लागली.

आता जे बोलायला लोक लाजतात ते. बऱ्याच केमोंनी, खासकरून सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी, पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. म्हणून उपचार सुरू व्हायच्या आधी स्पर्म फ्रीझ करता येतात, ते एक-दोन दिवसात उरकतं. मुलींचं अवघड, एग फ्रीझिंगला, म्हणजे स्त्रीबीजं गोठवायला, साधारण दोन आठवडे इंजेक्शनं लागतात, आणि ॲक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियात तेवढा वेळ बहुधा मिळत नाही. ओव्हरीचा तुकडा काढून गोठवून ठेवायचाही मार्ग आहे, तसा परत बसवलेल्या तुकड्यातून पहिलं बाळ बेल्जियममध्ये २००४ साली जन्मलं. आता विचार करा, कॅन्सर आहे हे कळून चार दिवस झालेत, वय २२, आणि तुम्हाला विचारतायत मुलं हवीत का, तेही बाबा शेजारी बसलेले असताना. घाईत किंवा संकोचात हा विषय सुटून जातो. डॉक्टरांनी नाही काढला तर आपण काढायचा, आणि बाबांना म्हणायचं, दोन मिनिटं बाहेर थांबा. सेक्सचंही तेच. केमोच्या काळात गर्भ राहू न देणं गरजेचं, आणि औषधाचा अंश शरीरातल्या द्रवांतून बाहेर येतो म्हणून डोसनंतर काही दिवस कंडोम वापरायला सांगतात. इच्छाच नसणं, कोरडेपणा, दुखणं, हे सगळं नॉर्मल आहे आणि यावर उपाय असतात, फक्त विचारावं लागतं.

थकव्याबद्दल सांगते. झोपून उठलं की जातो तो थकवा हा नव्हे. रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवलाय आणि सकाळी कळतं की भिंतीवरचं बटणच दाबलं नव्हतं, तसं. यावर पडून राहणं हा उपाय वाटतो पण अभ्यास उलटं सांगतात, झेपेल तेवढं चालणं, हलका व्यायाम, यानेच तो कमी होतो. चालणं म्हणजे कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आलात तरी ते चालणंच. डोकंही चालत नाही, शब्द आठवत नाहीत, एकच ईमेल चार वेळा वाचावा लागतो, याला केमो ब्रेन म्हणतात. ऑफिसला हे पटवून देणं कठीण, कारण ते कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आणि एक, ते "फायटर" प्रकरण. युवराज सिंगचं उदाहरण प्रत्येक पेशंटला दिलं जातं. २०१२ साली त्याने छातीतल्या जर्म सेल ट्यूमरसाठी, म्हणजे बीजपेशींपासून होणाऱ्या गाठीसाठी, केमो घेतली आणि त्याच सप्टेंबरमध्ये भारताकडून परत खेळला. भारीच आहे, वादच नाही. पण त्या गटातल्या कॅन्सरवर, टेस्टिक्युलरही बहुधा त्यातलाच, सिस्प्लॅटिन नावाचं औषध अफाट चालतं, हेही सोबत सांगायला हवं. १९७८ ला अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, त्याआधी पसरलेल्या टेस्टिक्युलर कॅन्सरने बहुतेकांचा जीव जायचा, आता बहुतेक बरे होतात. जिद्द त्या आधीच्या मुलांमध्येही होतीच की. ज्याचा ट्यूमर औषधाला दाद देत नाही तो लढायला कमी पडला असं म्हणायचं का मग? "तू फायटर आहेस" म्हटलं की रडायची सोय राहत नाही, एवढंच.

[स्कॅन मशीन, बाहेरच्या खुर्च्या]

पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे किती उरलाय ते दाखवणारा स्कॅन. सहा तास उपाशी, मग शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज, आणि साधारण तासभर गप्प पडून राहायचं, हलायचं नाही, बोलायचंही नाही. काही पोटातून भीती वाटायची असेल तर ती तेव्हाच. त्या पदार्थाची ताकद साधारण ११० मिनिटांत निम्मी होते, तरी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र कशानेच निम्मे होत नाहीत. लिम्फोमावाले रिपोर्टमधल्या १ ते ५ अशा डोव्हिल स्कोअरच्या आकड्याची वाट बघत असतात, १ आणि २ म्हणजे चांगलं. रिपोर्ट फोनवर आधी येतो, डॉक्टर नंतर भेटतात. काही जण लगेच उघडतात, काही जण मैत्रिणीला फॉरवर्ड करून सांगतात, तू वाच आणि मला फक्त हो की नाही सांग.

उपचार संपले की सगळे खूश होतात आणि पेशंट नेमका तेव्हा ढासळतो. याची कल्पना घरच्यांना आधी द्यावी. इतके दिवस नर्स होत्या, रक्त तपासलं जात होतं, कुणीतरी लक्ष ठेवून होतं, आणि अचानक "तीन महिन्यांनी या". डे वन, डे टू काही उरत नाही. साधा खोकला आला तरी पोटात गोळा. मित्र दोन प्रमोशन पुढे गेलेले असतात, सीव्हीमध्ये वर्षाचं भगदाड असतं, आणि डोक्यावर नवे केस कधीकधी कुरळे उगवलेले असतात जे कधीच नव्हते. या टप्प्यावर समुपदेशकाची गरज केमोच्या काळापेक्षा जास्त लागू शकते.

आणि डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्या, ट्रीटमेंट समरी. कोणती औषधं, एकूण किती डोस, रेडिएशन कुठे आणि किती. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आयुष्यभरात किती घ्यायचं याला मर्यादा असते, ब्लिओमायसिन नावाच्या औषधाचा फुप्फुसांवर होऊ शकतो, कमी वयात छातीला रेडिएशन झालेल्या मुलींची ब्रेस्टची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करतात. पंधरा वर्षांनी कुठल्यातरी भलत्याच ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर विचारतील, तेव्हा "काहीतरी लाल होतं" हे उत्तर पुरत नाही. फोटो काढून फोनमध्ये ठेवा, एक घरच्यांना पाठवा.

बाकी ट्रिपचं म्हणाल तर आता मी हो म्हणते. फक्त तिकीट कॅन्सल करता येणारंच काढते, ती सवय काही जात नाही.