प्रतिजैविके, जुलाब आणि प्रोबायोटिक्स
(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आपल्या सोलापुरात ‘पॉवरच्या गोळ्या’ म्हणजे प्रतिजैविके (अँटिबायोटिक) सुरू झाली की घरातील वडीलधारी माणसे ‘त्या उष्ण पडतात, ताक घे’ असे सांगतात आणि औषध दुकानदार पाकिटात प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयुक्त जिवंत जिवाणू किंवा यीस्ट असलेल्या औषधाची, एक पट्टी घालून देतो. या दोन्ही सल्ल्यांमागची काळजी खरी आहे; मात्र प्रोबायोटिककडून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून आज मी बोलणार आहे.

प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपयुक्त जिवाणूंनाही मारते, त्यामुळे अन्नातील तंतूंचे विघटन नीट होत नाही आणि काहींना जुलाब सुरू होतात. मुलांवरील अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात असे जुलाब प्रोबायोटिक न घेणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के, तर घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के मुलांना झाले. हा फायदा लहान नाही. पण प्रोबायोटिक न घेताही शंभरांतील ऐंशी मुलांचे पोट ठीकच राहिले, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

तथापि, जुलाब टाळणे वेगळे आणि आतड्यातील मूळ जिवाणूंची वस्ती पूर्ववत होणे वेगळे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात, प्रतिजैविकांनंतर अकरा प्रकारचे जिवाणू असलेले प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती, काहीही न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा सावरली. एवढ्याशा अभ्यासावरून अंतिम निष्कर्ष काढू नये, परंतु ‘पोट सुधारावे’ म्हणून महिनोन्‌महिने कॅप्सूल गिळण्याला मला आधार दिसत नाही.

कोणते प्रोबायोटिक, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ हा जिवाणू आणि ‘सॅकरोमायसिस बोलार्डी’ यांच्यावर बराच अभ्यास झालेला आहे. यांतील दुसरे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असल्याने प्रतिजैविकाने मरत नाही, मात्र बुरशीविरोधी औषधाने मरू शकते. जिवाणूंची कॅप्सूल प्रतिजैविकानंतर सुमारे दोन तासांनी घ्यावी. पट्टीवर ‘२५ अंशांखाली ठेवावे’ असे छापलेले असेल आणि ती मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, फळीवर पडून असेल, तर आतले जीव जिवंत उरतील याची खात्री देता येत नाही.

भाकरीबरोबरचे दही-ताक खुशाल घ्यावे, पण ते औषधी प्रोबायोटिकची जागा घेते असे मानू नये. शिवाय डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालू असताना दुधातील आणि दह्यातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि औषध रक्तात कमी शोषले जाते, म्हणून त्या गोळीच्या आगेमागे काही तास हे पदार्थ टाळावेत. ताकाबरोबरच गोळी गिळण्याची सवय इथे नडते.

कर्करोगाची औषधे चालू असलेले, प्रतिकारशक्ती फार खालावलेले, मध्यवर्ती शिरेत नळी असलेले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळे यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये, कारण क्वचित हेच जीव रक्तात शिरून संसर्ग करतात.

जुलाब लागले म्हणून प्रतिजैविक आपल्या मनाने बंद करू नये. ओआरएस सुरू करून डॉक्टरांना कळवावे. शौचातून रक्त, ताप किंवा पोटात तीव्र कळा असतील, तर ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ या जिवाणूच्या संसर्गाचाही विचार करावा लागतो. हा आजार प्रतिजैविक संपल्यानंतर काही आठवड्यांनीही उद्भवतो. म्हणून अशा वेळी दवाखान्यात जाताना आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावी.